वाचकांचे प्रश्न : वीज साठवणारे कापड

मागच्या अंकात, अंगावरच्या कपड्यांत बसणाऱ्या विजेच्या उपकरणांबद्दल प्रश्न पाठवा, असे आवाहन केले होते. सारखी पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे. उत्तरे वस्त्रतंत्राच्या बाजूने असतील, कारण माझे बालपण इचलकरंजीत मागांच्या आवाजात गेले आणि पुढे मी वस्त्रतंत्रच शिकवत आले. कोणी नव्या बॅटरीचा आकडा सांगितला, की मी आधी विचारते : ते कापड धुतल्यावर, पिळल्यावर आणि वाळल्यावर त्यातला किती आकडा उरतो?

प्रश्न : मुलाने ह्यांच्यासाठी गरम होणारे जाकीट पाठवले आहे. त्याच्या खिशात एक जड पॉवर बँक ठेवावी लागते. कापडातच वीज साठवता येते असे वाचले, मग ही पॉवर बँक कशाला? आणि जाकीट धुवायचे कसे? पुढच्या महिन्यात विमानाने जायचे आहे, तेव्हा ते नेता येईल का?
— एक वाचक भगिनी, सातारा

जाकिटाच्या पाठीत आणि छातीवर कार्बनच्या धाग्यांचे पट्टे असतात. त्यांतून वीज गेली की ते तापतात. ऊब हे विजेचे सगळ्यांत खर्चिक काम आहे. अशी जाकिटे साधारण पाच ते दहा वॅट खातात. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॅट-तास वीज मावते, म्हणजे सात वॅटच्या जाकिटाला कागदावर पाच तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी.

एवढी वीज धाग्यात साठवायची तर? शांघायच्या फुदान विद्यापीठात पेंग हुइशेंग यांच्या गटाने २०२१ मध्ये धाग्यासारखी लांब लिथियम-आयन बॅटरी मोठ्या प्रमाणात तयार करून दाखवली. तिच्यात एका किलोला ८५.६९ वॅट-तास वीज मावत होती. त्या हिशेबाने तुमच्या पॉवर बँकेची वीज साठवायला चारशे ग्रॅमहून जास्त धागा लागेल. खिशातली वस्तू तिच्या निम्म्या वजनाची असते आणि धुताना काढून ठेवता येते. म्हणून आज उबेसाठी खिशातली बॅटरीच बरी. कापडात विणलेल्या बॅटरीचे खरे काम ठोके मोजणे, ताप पाहणे, माहिती बिनतारी पाठवणे, अशा थोडक्या विजेच्या ठिकाणी आहे.

धुण्याआधी पॉवर बँक काढा आणि तिच्या वायरीच्या टोकाला दिलेली टोपी घट्ट लावा. जाळीच्या पिशवीत घालून गार पाण्यात धुवा, पिळू नका, आडवे पसरून वाळवा. तापणाऱ्या पट्ट्यांवर इस्त्री फिरवू नका. तुमच्या यजमानांना मधुमेह असेल आणि त्वचेची जाणीव कमी झाली असेल, तर जाकीट सुरू ठेवून झोपू देऊ नका. मंद उष्णता बराच वेळ एकाच जागी लागली तरी भाजते, आणि ते त्यांना कळणार नाही.

विमानात पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची चालते. तुमची १०,००० मिलिअँपिअर-तासांची असेल, तर ३७ ची आहे.

प्रश्न : माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सुती कापडावरच्या सुपरकॅपॅसिटरचा आहे. काही जण म्हणतात बॅटरी कर, तिच्यात जास्त वीज मावते. शोधनिबंधांतले आकडे खूप मोठे दिसतात, आमच्या नमुन्यावर मात्र एक एलईडी जेमतेम लागतो. आमचे काय चुकते?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

तुझ्या पत्रात तू कापडाबद्दल एकच ओळ लिहिली आहेस : ‘बाजारातून सुती कापड आणले.’ कोणते? कोरे की धुतलेले? मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर खळ असते आणि कापसाचे स्वतःचे मेणही असते. त्यावर पाण्यातली कार्बनची शाई ओतलीस तर ती वरवर बसते, तंतूत शिरत नाही, आणि सुकली की झडते. आधी खळ काढ, मग कॉस्टिकच्या पातळ द्रावणात उकळून भरपूर पाण्याने धू. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर कापडाने शोषला, की मगच शाईला हात लाव. रसायनशास्त्राच्या खोलीत हा टप्पा राहून जातो. रंगाऱ्याच्या कारखान्यात तो राहिला तर त्या दिवशीचा सगळा माल वाया जातो.

आता फरक. दोन्हीत वीज साठते, पण मुक्कामाची जागा वेगळी. सुपरकॅपॅसिटरमधला आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, ओसरीवर टेकलेल्या पाहुण्यासारखा असतो, आला तसा क्षणात उठून जाऊ शकतो. बॅटरीतला आयन माजघरात शिरतो, त्याला आत यायला आणि बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून सुपरकॅपॅसिटर काही सेकंदांत किंवा मिनिटांत भरतो आणि लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो, पण त्यात मावते थोडे. बाजारातल्या सुपरकॅपॅसिटरमध्ये किलोमागे साधारण पाच ते दहा वॅट-तास मावतात, लिथियम-आयन बॅटरीत दीडशे ते अडीचशे. पृष्ठभागावर विद्युतभाराचा दुहेरी थर बसतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये मांडले होते. त्यावर आधारलेल्या उपकरणाचे पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांना १९५७ मध्ये मिळाले. सारा खेळ पृष्ठभागाचा आहे. एक ग्रॅम सक्रिय कार्बनला हजार ते दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो.

कापड इथे उपयोगी पडते ते यासाठीच. कापसाचा तंतू पिळाचा, खडबडीत आणि पाणी पिणारा असतो. स्टॅनफर्डला यी कुई आणि लिआंगबिंग हू यांनी २०१० मध्ये कार्बन नॅनोट्यूबच्या शाईत साधे सुती कापड बुडवले आणि वाळवले. कापड वीज वाहू लागले, तरी ताणले जात होते. २०१२ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात शिआओडाँग ली यांच्या गटाने आणखी सोपी वाट धरली. त्यांनी सुती टी-शर्ट फ्लोराइडच्या द्रावणात भिजवला, वाळवला आणि ऑक्सिजनविना भट्टीत भाजला. कापसाचा सक्रिय कार्बन झाला, तरी कापड दुमडता येत होते. त्यावर मँगनीज ऑक्साइडचा थर दिल्यावर साठवण वाढली, कारण या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर नुसता भार टेकत नाही, वेगाने होणारी रासायनिक देवाणघेवाणही चालते. पॉलिअनिलिन आणि पॉलिपायरोल या वीजवाहक बहुलकांचेही तसेच आहे, पण भरता-रिकामे होताना ती फुगतात आणि आकसतात, म्हणून लवकर तडकतात.

मोठ्या आकड्यांचा उलगडा इथे आहे. निबंधात लिहिलेले असते, ‘ग्रॅमला १०० फॅरड’. फॅरड हे धारकतेचे, म्हणजे भार साठवण्याच्या क्षमतेचे माप. ते बहुधा एका इलेक्ट्रोडवरच्या, म्हणजे वीज आत-बाहेर करणाऱ्या एका टोकावरच्या, लेपाचे असते. प्रत्यक्ष उपकरणात सारखे दोन इलेक्ट्रोड मालिकेत येतात. धारकता निम्मी होते, वजन दुप्पट होते. म्हणजे दोन्ही लेपांच्या वजनावर भागलेस तर राहिले २५. त्यात कापडाचे, जेलचे आणि वरच्या आवरणाचे वजन धर, म्हणजे आकडा आणखी खाली येतो. तुमचे काही चुकलेले नाही. तुम्ही पूर्ण उपकरण मोजता आणि निबंधात लेप मोजलेला असतो.

एक हिशेब करून बघ. एक मिलिवॅटवर चालणाऱ्या संवेदकाला तासभर चालवायला ३.६ जूल लागतात. साठवलेली ऊर्जा म्हणजे धारकतेच्या निम्मे गुणिले व्होल्टेजचा वर्ग. एक व्होल्टवर ३.६ जूलसाठी ७.२ फॅरड हवेत, आणि तेही शेवटच्या थेंबापर्यंत रिकामे करता आले तर. व्होल्टेज निम्म्यावर आले की तीन-चतुर्थांश ऊर्जा संपलेली असते आणि बरेचसे सर्किट तिथेच बंद पडते. पाण्याच्या जेलमध्ये व्होल्टेज फार चढवता येत नाही, कारण १.२३ व्होल्टला पाणी फुटायला सुरुवात होऊ शकते. म्हणून अनेक नमुने एकावर एक जोडतात. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०२२ मध्ये तेच केले. तिथे २०११ मध्ये शोधलेल्या मॅक्सीन या टायटॅनियम-कार्बनच्या पत्रीदार पदार्थात सुती कापडाचे तुकडे बुडवले, लिथियम क्लोराइडचे जेल वापरले आणि पाच घटक जोडून सहा व्होल्ट मिळवले. तो संच काही मिनिटांत भरत होता आणि तापमान मोजून बिनतारी पाठवणारे छोटे उपकरण जवळजवळ दोन तास चालवत होता. ही मला आजवरची सर्वांत प्रामाणिक चाचणी वाटते, कारण दिवा लावून दाखवण्याऐवजी त्यांनी कापडाकडून खरे काम करून घेतले. मॅक्सीनची दुखरी बाजूही सांगते : हवा आणि पाणी लागले की ते हळूहळू ऑक्सिडाइज होते.

महागडी यंत्रे नाहीत म्हणून निराश होऊ नकोस. तुझ्या शेजारच्या कोल्हापुरात प्रा. चंद्रकांत लोखंडे यांनी शिवाजी विद्यापीठात आणि पुढे डी. वाय. पाटील शिक्षणसंस्थेत रासायनिक बाथच्या पद्धतीने पातळ थरांचे काम उभे केले. चंचुपात्र, द्रावण, कमी तापमान आणि धीर, एवढ्यावर. त्यांच्या गटाने लवचिक स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यावर थर देऊन जेलचे सुपरकॅपॅसिटर केले. तसा थर तुझ्या कापडावरही देता येईल.

तर माझा सल्ला : प्रकल्प सुपरकॅपॅसिटरचाच ठेव. लिथियमला आर्द्रतारहित पेटी लागते, ती तुमच्या प्रयोगशाळेत नसेल. मात्र एक तक्ता दे जो निबंधांत क्वचित दिसतो. कोरा नमुना, घडी घातलेला, घामासारख्या खारट पाण्यात भिजवलेला, बादलीत साबणाने धुतलेला आणि पिळलेला. प्रत्येकाची धारकता आणि रोध (विजेला होणारा अडथळा), पूर्ण उपकरणाच्या वजनासह. घरगुती धुलाईसाठी आयएसओ ६३३० ही मानक पद्धत आहे, पण ती यंत्रातल्या धुलाईची. आपल्याकडे कपडा हाताने पिळतात, आणि पीळ ही वाकवण्यापेक्षा वेगळी शिक्षा आहे. त्यात दोन थर एकमेकांवरून सरकतात. तुझ्या नमुन्याने पिळल्यावर निम्मी धारकता गमावली, तरी ते लिही. मी परीक्षक असते तर त्या ओळीला जास्त गुण दिले असते.

प्रश्न : आमचे थोडे साधे माग आणि काही रेपिअर आहेत. हे बॅटरीचे धागे आमच्या मागावर चालतील का? नवीन काही घ्यावे का? सुताच्या भावाने कंबरडे मोडले आहे, काही वेगळे करायचे आहे.
— यंत्रमागधारक, इचलकरंजी

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. या विषयावर जगभर परिषदा होतात, पण मागावर हा धागा कसा वागेल हे मागवाल्याला कोणी विचारत नाही.

आधी धागा कसा असतो ते. फुदानच्या बॅटरीत अॅल्युमिनियमच्या तारेवर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा लेप असतो आणि तांब्याच्या तारेवर ग्रॅफाइटचा. दोन्हींच्या मध्ये वीज अडवणारा, आयन जाऊ देणारा पडदा. या जोडीला पीळ देऊन नळीत घालतात, इलेक्ट्रोलाइट भरतात आणि नळी बंद करतात. आधी समज होता की लांबी वाढली की आतला रोध वाढेल आणि धागा निकामी होईल. त्यांना उलट आढळले : लांबीबरोबर रोध कमी होतो आणि मग एका पातळीवर थांबतो. म्हणूनच लांब धागा शक्य झाला. पाचशे वेळा भरून-रिकामा केल्यावर त्यात ९०.५ टक्के क्षमता राहिली, एक लाख वेळा वाकवल्यावर ८० टक्क्यांहून जास्त. २०२४ मध्ये त्याच गटाने इलेक्ट्रोडमध्ये बारीक वाहिन्या करून त्यांत जेल मुरवले आणि किलोमागे १२८ वॅट-तासांपर्यंत पोचले. अमेरिकेत एमआयटीत २०२१ मध्ये दुसरी पद्धत यशस्वी झाली. जाड कांडे तापवून त्यातून बारीक धागा ओढायचा, आतले सगळे थर तसेच राहतात. त्यांनी १४० मीटरचा अखंड धागा काढला. त्याची क्षमता १२३ मिलिअँपिअर-तास होती. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या साधारण चाळीसपट असते, म्हणजे मापाची कल्पना येईल.

आता माग. उभ्यात, म्हणजे ताण्यात, हा धागा घालू नका. वह्या (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटी) उघडताना दर फेऱ्याला ताण, फणीची घासण, ड्रॉपरची (धागा तुटल्यावर खाली पडणाऱ्या पत्तीची) रग, हे सगळे त्याला हजारो वेळा सोसावे लागेल. शिवाय धागा वीजवाहक असेल आणि त्याचे आवरण कुठे खरचटले, तर विजेवर चालणारी तुटधागा-यंत्रणा उगाच माग थांबवत राहील. तुमच्या जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) हे दोन वाक्यांत कळेल. म्हणून आडव्यात घालायचा.

आडव्यात प्रश्न काठाचा. रेपिअरवर, म्हणजे धोट्याऐवजी दांडीने किंवा पट्टीने आडवा धागा ओढणाऱ्या मागावर, प्रत्येक आडवा धागा काठाशी कापला जातो. साध्या सुताला त्याने काही होत नाही. बॅटरीचा धागा कापला म्हणजे बॅटरी उघडी पडली, आणि लिथियमला हवेतली आर्द्रताही सहन होत नाही. फुदानच्या गटाने रेपिअरवरच कापड विणून दाखवले आहे, त्यामुळे अशक्य नाही. पण प्रत्येक टोक बंद करणे आणि प्रत्येक टोकाला जोडणी देणे हे काम मागाच्या पलीकडे वाढते. धोट्याच्या मागावर आडवा धागा कापलाच जात नाही. तो काठाला वळून परत येतो, अखंड राहतो. जे साधे माग आपण भंगारात देत आहोत, त्यांची ही गोष्ट या धाग्याला हवी तशी आहे. अडचण दोन ठिकाणी : काठाचे वळण फार लहान त्रिज्येचे असते, आणि धागा सुतापेक्षा बराच जाड असल्याने धोट्यातल्या कांडीवर थोडाच मावतो. वळण सैल ठेवायला काठाजवळ जाड गादीचा धागा देऊन पाहता येईल.

मला जास्त आशा वाटते ती अरुंद पट्ट्या विणणाऱ्या निडल लूममध्ये. त्यातही आडवा धागा अखंड फिरतो. बॅटरीची पट्टी वेगळी विणायची आणि कपड्याच्या कमरेत किंवा खांद्यात शिवायची. सगळे कापड बॅटरीचे करण्याचा हट्ट मला पटत नाही. कापडातून हवा आणि घामाची वाफ जायला हवी, बॅटरी हवाबंद असायला हवी. दोन्ही गुण एकाच धाग्यावर लादले तर दोन्ही बिघडतात, पण पट्टीपुरती जागा दिली तर उरलेले कापड मोकळे राहते.

नवीन यंत्र आत्ता घेऊ नका. हे धागे अजून आपल्या बाजारात किलोवर मिळत नाहीत. हात बसवायचा तर चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या किंवा स्टीलच्या वीजवाहक धाग्यांनी पट्ट्या विणून पाहा. हे धागे मिळतात, आणि संवेदकांच्या कपड्यांना वीज वाहून नेणारे मार्ग लागतातच. तुमच्या गावातल्या डीकेटीईसारख्या वस्त्रतंत्र शिकवणाऱ्या संस्थेबरोबर नमुने करा. एक काळजी मात्र आजपासून घ्या : कार्बनचा किंवा स्टीलचा धागा चालवताना उडणारी कुस (बारीक तंतूंची धूळ) वीजवाहक असते. ती स्टार्टरमध्ये आणि पॅनेलमध्ये गेली तर शॉर्ट होते. त्या मागाभोवती आडोसा करा आणि पॅनेल झाकून घ्या.

प्रश्न : पैठणीची जर धातूची असते. मग पैठणीच्या काठातच बॅटरी करता येणार नाही का? लेकीच्या लग्नात पदरावर दिवे लावण्याची कल्पना आहे.
— एक वाचक, डोंबिवली

जर वीज वाहते, हे खरे. चपटी केलेली धातूची तार रेशमाच्या किंवा सुताच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली, ही तिची रचना. १९९७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी धुता येणाऱ्या विजेच्या कापडाचे पहिले प्रयोग केले, तेव्हा त्यांनी भारतात विणले जाते तसले ऑर्गंझा घेतले होते : उभ्यात रेशीम आणि आडव्यात तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेले रेशीम. आपल्या विणकरांची रचना तिथवर गेली होती, आणि हे येवल्यात माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

पण वीज वाहणे वेगळे आणि साठवणे वेगळे. बॅटरीला दोन इलेक्ट्रोड, मधला पडदा आणि ओले जेल लागते. आम्ल किंवा अल्कली रेशमाला खाते, ओलाव्याने चांदी काळवंडते. पैठणीत हे करू नका. दिवे हवेतच, तर वेगळ्या जाळीच्या पट्टीवर दिवे आणि नाण्याएवढा सेल बसवा, पट्टी पदराला कच्च्या टाक्यांनी लावा आणि समारंभानंतर उसवा. टेस्टेड, म्हणजे नकली, जरीवर बहुधा लाखेचा किंवा प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे ती बऱ्याचदा वीज वाहतही नाही. मल्टिमीटर लावलात की लगेच कळेल.

प्रश्न : आईसाठी ठोके मोजणारा छातीचा पट्टा घेतला आहे. आमच्याकडे उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे. घामाने शॉर्ट होऊन बॅटरी पेटली तर? ती अंगालाच लागून असते.
— एक मुलगा, नागपूर

तुमची भीती योग्य जागी आहे, पण मोठी बॅटरी आणि छोटा सेल यांत फरक करा. अशा पट्ट्यांत बहुधा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो : तीन व्होल्ट, सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, वजन तीन ग्रॅम. त्यात दोन-तृतीयांश वॅट-तास वीज असते, फोनमध्ये एकोणीसच्या आसपास. घामाने तो पेटण्याची शक्यता फार कमी. घाम खारट असतो, वीज वाहतो, त्यामुळे धातूची टोके गंजतात आणि ठोक्यांचे आकडे चुकू लागतात. रोज ओल्या फडक्याने टोके पुसा, कोरडी करा. घरात लहान मूल असेल, तर खरा धोका त्याला आहे. नाण्यासारखा सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. तसा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालयात न्या.

पट्टा चार्ज करायचा असेल, तर आत लिथियम-आयन आहे. त्यातले द्रावक ज्वलनशील असतात आणि लिथियमच्या क्षाराला पाणी लागले की त्वचा जाळणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. कवच फुगलेले दिसले की त्या क्षणी वापर थांबवा. अंगावर घालून चार्ज करू नका, मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. घेताना बॅटरीवर आयएस १६०४६ या भारतीय मानकाची नोंद आहे का ते पाहा.

याच कारणासाठी अंगालगतच्या कपड्यांत मला जस्ताच्या बॅटरीवर जास्त विश्वास वाटतो. तिच्यात पाण्याचे जेल चालते, ते पेट घेत नाही. जस्तात तत्त्वतः ग्रॅमला ८२० मिलिअँपिअर-तास साठवण असते आणि ते स्वस्तही आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०२१ मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड बारीक दळून रबरासारख्या प्लास्टिकमध्ये मिसळले आणि दुप्पट ताणली जाणारी बॅटरी केली. ती ३९ धुलाया होऊनही चालू राहिली. जस्तावर चार्ज करताना सुईसारखे काटे वाढतात आणि पडदा फोडतात, हे त्या बॅटरीचे जुने दुखणे. जगभरचे काम आता तिथेच अडले आहे. व्होल्टेजही लिथियमच्या निम्म्याहून कमी. तरीही ठोके मोजायला किती वीज लागते? आईच्या छातीवर ठेवायची वस्तू असेल तर मी कमी वीज आणि पाण्याचे जेल घेईन.

प्रश्न : चालताना कपडे घासतात त्यातून वीज तयार होऊन फोन चार्ज होईल, अशी जाहिरात इथे पाहिली. खरे आहे का?
— मराठी वाचक, न्यू जर्सी

घर्षणातून वीज मिळते हे खरे. जॉर्जिया टेकचे झोंग लिन वांग यांनी २०१२ मध्ये त्यासाठी नॅनोजनित्र मांडले आणि २०१६ मध्ये त्यांच्या गटाने सौर धागे व घर्षणाचे धागे एकाच कापडात विणले. पण व्होल्टेज जास्त, प्रवाह अगदी किरकोळ, आणि दमट हवेत तोही घटतो. प्रत्येक पावलाला थोडासा भार मिळतो, तो पटकन सामावून घेणारा सुपरकॅपॅसिटर शेजारी असेल तर छोटा संवेदक चालेल. फोनसाठी पैसे देऊ नका.

प्रश्न : असा कपडा जुना झाला की काय करायचे? बोहारणीला द्यायचा?
— एक वाचक, ठाणे

नाही. बॅटरी असलेला कपडा बोहारणीला देऊ नका, चिंध्यांतही टाकू नका. चिंध्या फाडणाऱ्या यंत्रात लिथियमची बॅटरी चिरडली तर आग लागते, आणि ती तिथे काम करणाऱ्या बाईच्या हातात लागते. काढता येणारी बॅटरी काढा, तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, म्हणून विकणाऱ्याकडेही मागणी करता येते.

बॅटरी काढता येत नसेल तर अख्खा कपडा ई-कचऱ्यातच द्यावा लागतो. म्हणून विकत घेतानाच शिवण पाहा. गूगल आणि लीव्हाइसच्या २०१७ च्या जाकिटात वीज आणि सर्किट कफवरच्या छोट्या टॅगमध्ये होते, तो टॅग धुण्याआधी निघत असे. २०२३ मध्ये तो प्रकल्प बंद झाला, पण टॅग काढला की मागे साधे डेनिमचे जाकीट उरत होते आणि ते अजूनही घालता येते. कापडात विणलेल्या पट्टीच्या बाबतीतही मी तेच विचारेन : पट्टी एका सरळ शिवणीने लावली आहे का, आणि ती शिवण कपडा न फाडता उसवता येते का? दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर तो कपडा घेऊ नका.